महिला दिनाचा केक राहू दे, आधी टीममधलं काम कोणाला जातंय ते बघा

८ मार्चला काय होतं ते सगळ्यांना माहितीये. एचआरचा मेल येतो, जांभळे कपडे घाला, कॅफेटेरियात केक, बाहेरून कुणीतरी वक्ता येऊन वर्क लाइफ बॅलन्सवर बोलतो (हा विषय फक्त बायकांनाच का ऐकवतात देव जाणे), फोटो लिंक्डइनवर जातात आणि ९ तारखेच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या टीम मीटिंगला) सगळं जैसे थे. हे मी एचआरसाठी लिहीत नाहीये. ज्यांच्या टीममध्ये आठ-दहा-पंधरा माणसं आहेत असे आयटीतले टीम लीड, मॅनेजर, स्क्रम मास्टर, त्यांच्यासाठी लिहितेय. कंपनीची पॉलिसी तुमच्या हातात नाही, बोर्डावर किती बायका आहेत तेही नाही, पण सोमवारी सकाळी कुठलं टिकेट, म्हणजे कुठलं काम, कोणाला असाइन करायचं ते तुम्हीच ठरवता ना. आणि माझं म्हणणं असं आहे की भेदभाव दिसतो अप्रेझलला पण होतो तो काम वाटताना. मार्चमध्ये रेटिंग देताना तुम्ही कितीही प्रामाणिक राहिलात तरी फार फरक पडत नाही, कारण ज्याला वर्षभर चांगलं काम मिळालं त्याच्याकडे दाखवायला असतं, जिला नाही मिळालं तिच्याकडे नसतं, मग तुम्ही डेटा बघून रेटिंग देता आणि तुम्हाला वाटतं आपण एकदम फेअर.

म्हणून सुरुवात तिथून.

आधी शीट काढा

जिरामधून, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या टूलमधून, मागच्या तीन महिन्यांची टिकेटं एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट करा. काम काय होतं, कोणाला दिलं, कोणी ठरवलं, क्लायंटला ते दिसलं का, एवढे कॉलम पुरेत. शेवटी अजून एक कॉलम घाला, हे काम केलं म्हणून प्रमोशनच्या डॉक्युमेंटमध्ये एक ओळ लिहिता येईल का, हो किंवा नाही. हाच खरा कॉलम. मग जी कामं जिरात कधी येतच नाहीत ती आठवून हाताने भरा: मीटिंगचे मिनिट्स, नवीन जॉइनीचा सेटअप, इंटर्नला सांभाळणं, ऑडिटच्या आदल्या आठवड्यात अर्धवट डॉक्युमेंट पूर्ण करणं, टीम लंचचं बुकिंग, फेअरवेलचं कॉन्ट्रिब्युशन (जीपेवर प्रत्येकाच्या मागे लागून दोनशे दोनशे रुपये गोळा करणं हे स्वतंत्र प्रोजेक्ट आहे).

आता फिल्टर लावा. मी जेवढ्या टीम बघितल्या त्यात चित्र साधारण एकच निघतं. नवीन सर्व्हिस, क्लाउड मायग्रेशन, परफॉर्मन्सचा अवघड इश्यू हे तीन-चार मुलांकडे फिरत असतं, आणि टेस्टिंग, रिलीज नोट्स, "स्टेकहोल्डर कोऑर्डिनेशन" मुलींकडे. कोणी दुष्टपणाने केलेलं नसतं. उलट कौतुकाने केलेलं असतं. "तिचं कम्युनिकेशन चांगलंय, क्लायंटचे फॉलोअप तिलाच दे." "ती नीट लिहिते, डॉक्युमेंट तिच्याकडेच राहू दे." पहिल्यांदा छान वाटतं तिलाही. मग सहा महिन्यांनी दिवसातला अर्धा वेळ फॉलोअपमध्ये जातो, दोन वर्षांनी ती जवळजवळ पूर्णवेळ कोऑर्डिनेटर झालेली असते, आणि आर्किटेक्टची पोस्ट निघाली की तुम्हीच म्हणता, "चांगली आहे रे, पण हँड्स-ऑन नाही राहिली." अरे राहणार कशी, तुम्हीच काढून घेतलंत ना हातातून!

यावर अमेरिकेत एक नीट प्रयोग झालाय. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकारी बायकांचा पेपर, २०१७ सालचा. असं काम जे कोणीतरी करायलाच लागतं पण करणाऱ्याला फायदा काही नाही. बायका-पुरुष एकत्र असतील तर हात वर करण्यात बायका पुढे, आणि काम द्यायचं झालं तरी ते बायकांनाच जास्त सांगितलं जातं. पण गटात नुसत्या बायका किंवा नुसते पुरुष असले की हा फरक गायब. म्हणजे बायकांना असली कामं आवडतात वगैरे काही नाही, सगळे गप्प बसून वाट बघतात की आता ती हो म्हणेल, आणि ती म्हणते.

म्हणून नियम एकच, असल्या कामासाठी व्हॉलंटियर मागायचाच नाही. "मिनिट्स कोण घेतंय?" हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. रोस्टर लावा, नावांच्या क्रमाने, मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या चॅनेलवर पिन करून टाका, त्यात लीडचं पण नाव हवं. कोणीतरी मुद्दाम वाईट करणार हे धरून चला. "माझं इंग्लिश एवढं बरं नाही" म्हणत तीन ओळींचे मिनिट्स टाकेल. टाकू दे. परत त्याच्याकडून भरून घ्या आणि पुढच्या फेरीतही त्याचं नाव तसंच ठेवा, तिसऱ्या वेळेला इंग्लिश आपोआप सुधारतं.

आणि टपरी. हिंजवडी असो, मगरपट्टा असो, खराडी असो, अर्धे टेक्निकल निर्णय खाली चहा-सुट्ट्याला होतात हे कोणी मान्य करणार नाही पण सगळ्यांना माहितीये. चार जण खाली जातात, वर येतात तेव्हा "क्यू ऐवजी आपण सरळ एपीआयच ठेवू" हे ठरून आलेलं असतं, आणि वर बसलेल्यांना स्टँडअपला कळतं. टपरी बंद करायला सांगत नाहीये, चहा प्या निवांत. फक्त खाली ठरलेलं वर येऊन चॅनेलवर चार ओळींत टाका, "असं वाटतंय, उद्या दुपारपर्यंत कोणाचं काही असेल तर सांगा", आणि उद्या दुपारपर्यंत खरंच थांबा. याचा फायदा वर बसलेल्या मुलींना होतो, न पिणाऱ्या मुलांना होतो, घरून काम करणाऱ्यांना होतो, आणि सहा महिन्यांनी "हे असं का केलं होतं?" असं कोणी विचारलं तर तुम्हालाही होतो.

तिला त्रास नको, म्हणून काम काढून घेणं

हा प्रकार सगळ्यात अवघड, कारण करणारा मनाने चांगला असतो. रात्रीचं प्रॉडक्शन रिलीज (नवीन कोड लाइव्ह करणं) आहे, तिला नको, लहान मूल आहे. ऑनसाइट, म्हणजे क्लायंटकडे, तीन महिने, तिला विचारायलाच नको, आत्ताच लग्न झालंय. आणि मग ऑनसाइट जाऊन आलेला मुलगा क्लायंटला ओळखतो म्हणून पुढचा मॉड्यूल लीड तोच.

उपाय म्हणजे विचारा. सगळ्यांना विचारा, एकाच शब्दांत, लेखी. "मे ते जुलै ऑनसाइट आहे, इंटरेस्ट असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा." ती नाही म्हणाली तर तिचा निर्णय, पण तिच्या वतीने तुम्ही नाही म्हणायचं नाही. आणि एकदा नाही म्हणाली म्हणजे कायमचं नाही असंही नाही, पुढच्या वेळी परत विचारा.

रात्रीच्या कामाबद्दल मात्र नुसतं "आम्ही भेदभाव करत नाही, सगळ्यांना सारखंच" म्हणून हात झटकता येत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला लावायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षा, जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची. पुण्यातल्या लोकांना याचं कारण वेगळं सांगायला नको. २००७ आणि २००९ मध्ये इथेच कॅबमधल्या बायकांवर अत्याचार होऊन त्यांचे खून झालेत. तेव्हा रिलीज रात्री अकराला संपणार असेल तर कॅब बुक आहे का, गार्ड आहे का, शेवटचा ड्रॉप कोणाचा, हे लीडने दुपारीच बघायचं, ट्रान्सपोर्ट डेस्कवर ढकलायचं नाही. आणि एकदा हेही विचारून बघा की रिलीज रात्रीच का असतं. बऱ्याच वेळा उत्तर "पहिल्यापासून असंच आहे" एवढंच निघतं, क्लायंटला सकाळी सहाची विंडो चालत असते पण कोणी विचारलेलंच नसतं.

इंटरव्ह्यू

१९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, तेव्हा बंगलोरला शिकत होत्या, त्यांनी सरळ जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मग पुण्याला इंटरव्ह्यूला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. आता कोणी असं छापत नाही. पोस्टकार्ड टाकण्यासारखं काही समोर दिसतच नाही हीच अडचण आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला, काहींच्या अर्जावर नाव जॉन, काहींच्या जेनिफर, बाकी शब्दही वेगळा नाही. जॉनला जास्त लायक ठरवलं आणि पगार सरासरी ३०,२३८ डॉलर सुचवला, जेनिफरला २६,५०८. आणि हे बायका प्राध्यापकांनीही केलं. तेव्हा "आमच्या पॅनेलवर एक मॅडम आहेत" हे काही उत्तर नाही. मशीनकडे दिलं तरी सुटत नाही. ॲमेझॉनने रेझ्युमे चाळायला एक टूल बनवलं होतं, ते शिकलं कंपनीकडे दहा वर्षांत आलेल्या रेझ्युमेवर, जे बहुतेक पुरुषांचे होते, मग ते महिलांच्या चेस क्लबची कॅप्टन असलं काही दिसलं की मार्क कमी करायला लागलं. शेवटी त्यांनी ते बंद केलं, २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. आता तुमच्या एचआरने नवीन एआय स्क्रीनिंग टूल घेतलं असेल तर "हे कशावर शिकलंय?" एवढं तरी विचारा.

करायचं काय? प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच विचारा. प्रत्येक पॅनेलिस्टने एकमेकांशी बोलायच्या आधी मार्क फॉर्ममध्ये टाकायचे, कारण एकदा सीनियर बोलला की बाकीच्यांचे मार्क त्याच्या मागे जातात. "कल्चर फिट नाही वाटत" असं कोणी म्हटलं तर विचारा म्हणजे नक्की काय. नुसतं "वाटलं" असेल तर तो मुद्दा खोडा. रेफरल चांगली गोष्ट आहे पण रेफरलमधून बहुतेक वेळा त्याच कॉलेजचे त्याच हॉस्टेलचे मित्र येतात, त्यामुळे पाच प्रोफाइल आले आणि पाचही रेफरलचे असले तर बाहेरचे दोन-तीन मागवल्याशिवाय ऑफर काढू नका.

न विचारायचे प्रश्न तर माहितीच असतील पण तरी सांगते, कारण अजूनही विचारतात, फक्त गप्पा मारल्यासारखे विचारतात. लग्न ठरलंय का. मिस्टर कुठे असतात. घरी कोण बघतं मुलांना. सासरचे काही म्हणत नाहीत ना. त्यामागे खरी शंका असते की उशिराचे कॉल जमतील का, तर मग तेच सरळ सांगा, "आठवड्यातून दोनदा साडेआठपर्यंत यूएसबरोबर कॉल असतो, चालेल का?" आणि समोर मुलगा असला तरी हेच सांगा. मुलांनाही घर असतं.

करिअर गॅप दिसला की लगेच एक लेव्हल खाली ऑफर करू नका. तीन वर्षं गॅप म्हणजे आधीची आठ वर्षं पुसली जात नाहीत. कोडिंगची टेस्ट द्यायचीच असेल तर द्या, पण जे आज ठरवायचंय ते टेस्टवर ठरवा, गॅपच्या कारणावर नको.

मॅटर्निटी: जायच्या आधी, नसताना, परत आल्यावर

इथे जरा थांबून लिहिते, कारण माझ्या बघण्यात चांगल्या चांगल्या मुली गळतात त्या इथे. क्लॉडिया गोल्डिनना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातून हेच दिसतं की एकाच प्रकारच्या नोकरीतल्या बाई-पुरुषाच्या कमाईत आज जो फरक पडतो तो बराचसा पहिलं मूल झाल्यानंतर पडतो.

कायदा आधी. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, त्यातली जास्तीत जास्त आठ डिलिव्हरीच्या आधी घेता येते. तिसऱ्या वेळेला १२ आठवडे. बाळ दत्तक घेतलं तर १२, सरोगसीने आई झालेल्या बाईलाही १२. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. रजा संपल्यावर काम तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं. हे उपकार नाहीत, तेव्हा "कंपनीने तुला सहा महिने दिले" असं बोलू नका, मी ऐकलंय बोलताना.

आता लीडचं काम. तिने सांगितल्या दिवसापासून तुमचं वागणं बदलतं, तुमच्या नकळत. नवीन काम देणं थांबतं, "आता कशाला सुरू करायचं, जाणारच आहे ना." पण पाचव्या महिन्यात असलेली मुलगी अजून तीन-चार महिने पूर्ण काम करणार आहे! तेवढ्यात एक अख्खा मॉड्यूल होतो. तिला विचारून काम द्या. केटी, म्हणजे तिचं काम दुसऱ्याला समजावून देणं, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत करा, चार महिने आधीपासून नको, नाहीतर ती स्वतःच्याच टीममध्ये पाहुणी होते. आणि निघायच्या आधी लेखी ठरवा: परत आल्यावर कुठलं काम, रजेत संपर्क हवा की नको (बऱ्याच जणींना नको असतो, काहींना रिऑर्ग, म्हणजे टीमची फेररचना, झाली तर कळवलेलं हवं असतं), अप्रेझल कोण लिहिणार.

अप्रेझल. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकत्र बसवायच्या, मीटिंगला काय होतं ते सांगते. स्क्रीनवर शीट, बेल कर्व्ह (वर थोडे, मधे बरेच, खाली थोडे) बसवायचाय, कोणालातरी खाली तीनवर आणायला लागणार. कोणीतरी म्हणतं, "तिला या वर्षी तीन देऊ, सहा महिने नव्हतीच, तिला पण काही वाटणार नाही." दहा जण मान डोलावतात. दोन मिनिटांत झालं. तिथे तुम्ही बोलायचं. म्हणायचं, ती होती त्या महिन्यांत तिने काय केलं तेवढंच बघू, टार्गेट तेवढ्याच महिन्यांचं धरू. पेमेंट मॉड्यूल तिने मेमध्ये लाइव्ह केला, तो दुसऱ्या कोणी मेमध्ये केला असता तर काय दिलं असतं? हे तोंडी ऐनवेळी सुचत नाही, लिहून न्या. आणि तिला काही वाटणार नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं, हेही विचारा की.

परत येण्याचा पहिला दिवस नीट करा. माझ्या ओळखीत एकीचा लॉगिन डिसेबल झालेला, व्हीपीएन बंद, बसायच्या जागेवर दुसरं कोणी, दोन दिवस ती कॅफेटेरियात बसून आयटीच्या टिकेटची वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी दूध काढायला मदर्स रूम शोधत गेली तर तिथे दिवाळीच्या गिफ्टचे खोके रचलेले, कुलूप, किल्ली ॲडमिनकडे आणि ॲडमिनवाला जेवायला. यातलं एकही काम पॉलिसीचं नाही. ती येण्याच्या आठवडाभर आधी लीडने आयटीला एक मेल टाकायचा, अजून एक ॲडमिनला, आणि ती खोली स्वतः जाऊन उघडून बघायची. आत प्लग पॉइंट, खुर्ची, आतून लागणारी कडी आणि छोटा फ्रीज आहे का ते बघा. तुम्ही पुरुष लीड असाल आणि लाज वाटत असेल तर वाटू दे, पण बघा.

मग पहिल्या महिन्यात खरं काम द्या. आधी एक छोटं जे दोन आठवड्यांत प्रॉडक्शनला जाईल, म्हणजे हात बसतो, आणि लगेच तिचं म्हणता येईल असं काहीतरी. "सेटल होऊ दे जरा" म्हणत तीन महिने बग फिक्सिंगवर ठेवलं की ती राजीनामा देते आणि तुम्ही एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कारण लिहिता, पर्सनल.

बापांचं पण. खाजगी कंपनीला पॅटर्निटी लीव्ह द्यायलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस आहे, झोमॅटोने २०१९ मध्ये आई-बाप दोघांना २६ आठवडे दिले. तुमच्या कंपनीत पाच दिवस असेल तर पाच, पण जे आहे ते तुमच्या टीममधल्या मुलाला पूर्ण घेऊ द्या, चौथ्या दिवशी "फक्त एक क्विक कॉल" करू नका. बाप रजा घेताना दिसले की रजा हा फक्त बायकांचा डाग राहत नाही.

अप्रेझलमधले शब्द

हे सोपं आहे, पटकन सांगते. २०१४ मध्ये कीरन स्नायडर नावाच्या भाषाशास्त्र शिकलेल्या बाईने टेक कंपन्यांमधले २४८ रिव्ह्यू गोळा केले. पुरुषांच्या रिव्ह्यूंपैकी ५८.९ टक्क्यांत टीका होती, बायकांच्या ८७.९ टक्क्यांत, आणि त्यातली बरीच स्वभावावर, जरा शांत राहा, इतरांना बोलू द्या. आपल्याकडे पण तेच. तो ठामपणे बोलला की ओनरशिप घेतो, ती बोलली की "हुशार आहे पण जरा ॲग्रेसिव्ह". तो गप्प असला की विचारी, ती गप्प असली की कॉन्फिडन्स कमी.

लिहून झालं की दोन गोष्टी करा. नाव बदलून वाचा, तिच्या जागी टीममधल्या एखाद्या मुलाचं नाव घालून, आणि एखादं वाक्य विचित्र वाटलं तर ते खोडा. आणि प्रत्येक विशेषणापुढे एक प्रसंग लिहा, कधी, कुठल्या कामात. प्रसंग आठवत नसेल तर विशेषणही काढा.

मीटिंगमध्ये तिचा मुद्दा कोणी तोडला की "एक मिनिट, तिचं होऊ दे" एवढं म्हणायला काही लागत नाही. तोच मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याने मांडला आणि सगळे वा म्हणाले तर म्हणा, "हो, ती मगाशी हेच सांगत होती." बास.

लैंगिक छळाची तक्रार आली तर

कोणीतरी येऊन सांगेल, बहुतेक कॉफी मशीनपाशी किंवा रात्री व्हॉट्सॲपवर, "तुला म्हणून सांगतेय, कोणाला बोलू नकोस." ऐकून घ्या. त्याला बोलावून समज देऊ नका, दोघांना समोरासमोर बसवू नका, "तो तसा नाही गं" तर अजिबात नको. तपास करणं तुमचं काम नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य. त्यांची नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत, आजच जाऊन बघा आहेत का. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत, समितीला कारण पटलं तर अजून तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. दहापेक्षा कमी माणसांचं स्टार्टअप असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आणि परत तेच, काम. चौकशी सुरू झाली की "वातावरण शांत राहावं म्हणून" तिलाच प्रोजेक्टवरून हलवतात. कायदा काय म्हणतो, तिने लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते, आणि त्याने तिचं अप्रेझल लिहायचं नाही असंही सांगू शकते. तिने मागितलं नसेल तर तिचं काम तिच्याकडेच राहतं.

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकोवरचे जोक येत असतील तर ग्रुपमध्ये लांबलचक भाषण देऊ नका, "हे इथे नको" एवढं लिहा. एकदा लीडने लिहिलं की थांबतं.

नावं, फॉर्म आणि आपण बनवतो ती सॉफ्टवेअर

ट्रान्स व्यक्तीला नोकरीत भेदभावाने वागवणं २०१९ च्या कायद्याने बंद आहे, त्याआधी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नालसा केसमध्ये स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला होता. टीममध्ये कोणी नाव बदललं तर नवीन नावाने हाक मारा, बाकी चौकशा नकोत. लीडला करता येईल असं एक टेक्निकल काम आहे: टीम्स, ईमेल, जिरा, सगळीकडे डिस्प्ले नेम एकाच दिवशी बदलून घ्या, आणि गिटमध्ये (कोणी कुठला कोड लिहिला त्याची नोंद ठेवणारं टूल) मेलमॅप फाइलमध्ये एक ओळ टाका म्हणजे जुन्या कमिटवरही लॉगमध्ये नवीन नाव दिसतं. लग्नानंतर किंवा घटस्फोटानंतर नाव बदललेल्या मुलींनाही तीच ओळ उपयोगी पडते, नाहीतर पाच वर्षांचं कोड भलत्याच बाईच्या नावावर दिसतं.

आणि प्रॉडक्ट. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहरा बघून बाई की पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आपण चेहरे ओळखणारं काही बनवत नसू पण फॉर्म तर सगळेच बनवतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, आणि फील्ड मँडेटरी. लग्न झालं की नवऱ्याचंच असणार हे लॉजिक कोडमध्ये लिहिलेलं मी बघितलंय. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं बंधनकारक केलंय, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, म्हणजे ही मुलं शाळेत जायला लागली की तीन भागांचं नाव धरून बसलेले फॉर्म मोडायला सुरुवात होणार. तेव्हा टेस्ट डेटात हे घाला: मधलं नाव रिकामं, मधल्या नावात फक्त आई, चार भागांचं नाव, लग्न झालंय पण मधलं नाव वडिलांचं, घटस्फोटानंतर परत माहेरचं आडनाव पण पॅन तोच, लिंग सांगायचं नाही. यातलं काही प्रॉडक्शनला गेल्यावर सापडलं तर मायग्रेशन लिहावं लागतं आणि रिपोर्टिंगवाल्यांच्या मागे महिनाभर फिरावं लागतं, म्हणून डिझाइन रिव्ह्यूलाच विचारा की हे फील्ड मँडेटरी का आहे, आणि "जुन्या सिस्टिममध्ये होतं म्हणून" एवढंच उत्तर आलं तर मँडेटरीचा स्टार काढून टाका.